अण्णांपुढं ‘डायरेक्ट’ म्हणू नका

औरंगपुऱ्यात अण्णा वायरमनच्या दुकानात शिवी चालते, ‘डायरेक्ट’ हा शब्द चालत नाही. मोटारसायकलचा दिवा बंद पडला की बाकीचे मिस्त्री बॅटरीपासून दिव्यापर्यंत एक उपरी तार ओढतात आणि डायरेक्ट करून दिलं म्हणतात. अण्णांसमोर कुणी हे म्हणालं की ते चष्मा काढतात. “बाहेर जाऊन चूळ भरा. मग बोलू.”

भंगार गोळा करत मी दोन दुकानं उभी केली. मला चूळ भरायला लावली! ते मी विसरलेलो नाही.

वडील गेल्यावर त्यांची जुनी गाडी विकायची होती. कन्नडचं एक गिऱ्हाईक महिनाभर घोळवून तयार केलं होतं. गुरुवारी पाचला येणार, गाडी चालू दिसली नाही तर दुसरी बघणार. दिवा लागेल, किक बसेल एवढंच करा, म्हणून सोमवारी अण्णांकडं टाकली. गुरुवारी दुपारी जाऊन बघतो तर सगळं वायरिंग टेबलावर शेवयांसारखं पसरलेलं!

“अण्णा, पाचला गिऱ्हाईक येतंय!”

“येऊ द्या की. चहा सांगू.”

“एक तार ओढा न् मोकळे व्हा!”

“शेठ, आतापर्यंत हेच केलंय सगळ्यांनी. ब्रेक दाबला की इंडिकेटर लागतंय. त्यांच्यातला मी व्हायचा नाय.”

त्यात चॉकलेटी तार संपली. पिवळी समोर होती. पण चॉकलेटीच्या जागी पिवळी म्हणजे अण्णांच्या लेखी खोटी साक्ष. “उद्या दुसऱ्यानं उघडलं तर त्यानं काय समजायचं?” म्हणत ते सायकलवर टांग टाकून गेले. मी एकटाच दात खात बसलो.

साडेचारला गाडी जुळली. उजव्या मुठीपाशी दाराच्या बेलचं पांढरं बटण टेपनं बांधलेलं होतं.

“हा कुणाचा उद्योग?”

“वडिलांचा. डावा अंगठा चितेगावच्या कारखान्यात गेला. हॉर्न डावीकडं, दाबता येईना. काढून फेका ते.”

स्वतःचा डावा अंगठा तळहातात दुमडून अण्णांनी हँडल धरलं, उजव्यानं बटण दाबलं. जरा लांब पडत होतं. त्यांनी ते बोटभर आत घेतलं, पट्टी लावून पक्कं केलं, त्याला नवी तार दिली. अंगठा दुमडूनच पुन्हा दाबून पाहिलं.

पाचला कन्नडवाला आला. दिवा, ब्रेक, सगळं पाहून खूश. “लई भारी. तेवढी बेल काढा, लोक हसतील.”

मी अण्णांकडं पाहिलं. त्यांनी पक्कड माझ्या हातात दिली आणि भिंतीकडं तोंड करून उरलेली तार गुंडाळायला लागले.

“माझ्याच्यानं नाय व्हायचं, शेठ. तुम्हीच तोडा.”

हातात आलेलं गिऱ्हाईक त्या माणसामुळं गेलं. त्यावरून मी अजून रोज त्याच्याशी भांडायला जातो. त्याच गाडीवरून.