चीफ थिबोडोचं आखडलेलं जाकीट

"चामडी जाकीट म्हणजे सरकारची कातडी! स्वतःच्या कातडीपेक्षा जास्त जपायची!"

अलास्कातल्या कोडियाक बेटावर, नौदलाच्या तळावर, चीफ थिबोडो हे वाक्य दिवसातून तीनदा ऐकवायचा. १९४३ साल. युद्ध ऐन भरात होतं, पण थिबोडोची खरी लढाई चालायची ती विमानावरच्या पोरांच्या उघड्या गळ्यांशी! जाकिटाची चेन अर्धवट लावली म्हणून त्याने यॅन्सी मेकॅनिकची अख्खी रजा कापली होती.

गुरुवारी दहाला कमांडर ओगिल्वी गणवेश तपासायला येणार होते. सगळं नियमात असेल, तर ते थिबोडोच्या रजेच्या कागदावर सही करणार होते. तिकडे लुइझियानात त्याला चार महिन्यांची मुलगी होती. बापाने तिचा नुसता फोटो पाहिलेला!

आणि बुधवारी दुपारी धक्क्यावर "पाय जपून टाका रे!" असं पोरांवर ओरडता ओरडता गडी स्वतःच पाण्यात! दोर टाकून वर ओढला. जाकीट भिजून चिंब झालेलं. ते त्याने तेलाच्या शेगडीवर टांगलं आणि तो निश्चिंत झाला.

सकाळी साडेनऊला जाकीट खाली काढलं.

"हे कुणाच्या पोराचं?"

"तुमचंच, चीफ," यॅन्सी म्हणाला. "नाव आहे बघा. रात्रीत व्यालं वाटतं. हे पिल्लू!"

"हसतोस काय मेल्या! अर्ध्या तासात कमांडर येताहेत!"

यॅन्सीला सूड उगवायची नामी संधी होती. पण तो फोटो चीफने त्याला इतक्यांदा दाखवला होता, की त्यालाही ती पोर आपल्याच घरातली वाटायला लागली होती. तो मुदपाकखान्यातून चरबीचा डबा घेऊन आला. बाह्यांना आतून चरबी चोपडली आणि दोघं जाकिटाशी झटू लागले.

"चीफ, पोट आत घ्या!"

"आतच आहे!"

"मग हे बाहेर काय आहे?"

अखेर चेन लागली. थिबोडोचे दोन्ही हात बुजगावण्यासारखे आडवे! श्वास घ्यायचा तर परवानगी मागावी लागेल अशी अवस्था!

कमांडर आले. अंगात गळ्यापर्यंत बंद केलेला लांबलचक रेनकोट. सगळ्या रांगेने सलाम ठोकला. थिबोडोचा हात खांद्यापाशीच अडकला.

"चीफ, सलाम?"

"करतोय साहेब! वाटेत आहे!"

त्याने दात-ओठ खाऊन जोर लावला. फर्रर्र! जाकीट मानेपासून कंबरेपर्यंत फाटलं, आणि चेनीची कडी सुटली ती थेट कमांडरांच्या टोपीवर!

थिबोडोच्या डोळ्यांपुढून लुइझियानाची गाडी रिकामीच निघून गेली.

"शेगडीवर वाळवलं, साहेब," तो पडेल आवाजात म्हणाला. "चूक माझी एकट्याची. पोरांना काही बोलू नका."

कमांडरांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. चामडं टिचकी मारून पाहिलं. मग इकडेतिकडे बघून त्याच्या कानाशी आले.

"सुटलास लेका! तुझं निदान फाटलं तरी!"

त्यांनी महत्प्रयासाने रेनकोटाचं वरचं बटण काढलं. आतलं चामडी जाकीट गळ्याशी असं आवळलेलं, की साहेबांचा चेहरा का लाल होता ते आत्ता कळलं!

"माझंही भिजलं होतं, मी पावाच्या भट्टीत वाळवलं," ते कुजबुजले. "परवापासून अंगातून निघत नाहीये! आण तो रजेचा कागद. आणि जरा लांब धर बाबा, माझं उजवं कोपर वाकत नाही!"