आडेकाकांच्या गाडीची बॅटरी

आमच्या जवळा बाजारात गाडीला गोधडी पांघरून झोपवणारा माणूस एकच आहे, आणि तो आमच्या शेजारी राहतो. साधी ताडपत्री नव्हे हं. जुन्या लुगड्यांची, आतून मऊ, चारी कोपऱ्यांना बंद शिवलेली चांगली जाडजूड गोधडी. तिन्हीसांजा झाल्या की आडेकाका घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जातात, आपल्या छोट्या पांढऱ्या गाडीवर ती पसरतात, बंद बांधतात, बॉनेटवर थोपटतात आणि मगच हातपाय धुऊन जेवायला बसतात.

"काका, गाडीला काय थंडी वाजते का?" मी एकदा विचारलं.

"गाडीला न्हाई. बॅटरीला वाजते."

"आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात सवय मोडली तर हिवाळ्यात रुसते. बराबर?"

हे 'बराबर' त्यांच्या प्रत्येक बोलण्याच्या शेवटी येतं. प्रश्नासारखं वाटतं, पण उत्तराची अपेक्षा नसते.

काका जनावरांच्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाले. सगळा जन्म गोठ्यांतून गेला. म्हशीच्या डोळ्यांत बघून तिला ताप आहे की नुसता रुसवा, हे सांगायचे म्हणतात. निवृत्तीनंतर त्यांनी ही जुनी गाडी घेतली आणि गाई-म्हशींवरची सगळी माया तिच्याकडे वळवली. तीही सगळ्या गाडीवर नाही. रंग उडाला तरी चालेल, सीट फाटली तरी चालेल, दरवाज्याला पोचा पडला तर ते वळूनही बघणार नाहीत. काकांचा जीव फक्त विजेत. बॅटरी, फ्यूज आणि वायरी.

"इंजिन म्हणजे निस्ती ताकद," ते सांगतात. "जीव बॅटरीत हाय. आन् ती मुकी हाय बिचारी. आपणच बघायचं."

म्हणून रोज सकाळी चहाच्या आधी बॉनेट उघडतं. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी बुरशी आली असेल तर सोड्याच्या गरम पाण्याने धुतात, कापडाने कोरडी करतात, आणि वरून मलम लावतात. मलम म्हणजे म्हशीच्या कासेला लावायचं. डबा दवाखान्याच्या काळातलाच. बॅटरीला पाणी घालायचं ते विकतचं, शुद्ध, झाकणं उघडून डोळा बारीक करून. काकू स्वयंपाकघरातून ओरडतात, "माझी दाढ ठणकून राहिली ते बघत न्हाई, अन् तिच्या तोंडात रोज वाकून बघता!"

"तुला बोलता येतं," काका शांतपणे म्हणतात.

फ्यूजबद्दल तर विचारूच नये. इंजेक्शनच्या रिकाम्या खोक्यात लाल, निळे, पिवळे फ्यूज कापसात ठेवलेले असतात. जळालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणारा माणूस त्यांच्या लेखी खुनी. मागच्या लग्नसराईत आमच्या गल्लीतून एक वरात निघाली. नवरदेवाच्या जीपवर कसली कसली रोषणाई, वर दोन भोंगे. काका पाहुणे म्हणून फेटा बांधून उभे होते. त्यांना वास आला. वायर तापल्याचा वास त्यांना इतरांच्या आधी येतो. त्यांनी जीपसमोर हात पसरले, बॅन्ड थांबवला, बॉनेटवरचा हार बाजूला केला आणि आत बघून नवरदेवाला म्हणाले, "उतरा."

"काहून?" नवरदेव म्हणाला.

"फ्यूजच्या जाग्यावर तार हाय. तुमी पेटायच्या आत उतरा."

नवरीकडचे लोक चिडले, मुहूर्ताच्या गोष्टी झाल्या, पण काका हटले नाहीत. घरून खोकं आणलं, बरोबर फ्यूज घातला, अर्धी रोषणाई काढून टाकली आणि मगच वरात पुढं सोडली. ती वरात बरीच अंधारात गेली. नवरदेव अजून काकांशी बोलत नाही. काकांना त्याचं काही नाही. "जिता हाय न?" म्हणतात.

तर अशा माणसाची गाडी एका सकाळी सुरू झाली नाही.

तीही नेमक्या वाईट सकाळी. काकांची आई, जिला ते याडी म्हणतात (त्यांच्या बंजारा समाजाच्या गोरमाटी बोलीत आई म्हणजे याडी), तिला डोळे दाखवायला हिंगोलीला न्यायचं होतं. याडी थकलेली, कमरेत वाकलेली. पूर्वी सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला असलेल्या त्यांच्या तांड्यावर राहायची. काकांचा भाऊ गेल्यावर काकांनी तिला इकडे आणलं. याडी मागच्या सीटवर बसली, काकांनी किल्ली फिरवली. टक् झालं. पुन्हा टक्. मग तेही नाही.

मी त्याच वेळी एसटीला निघाले होते. हिंगोलीच्या एका शाळेत मी ग्रंथालय सांभाळते. काकांचा चेहरा बघून मी पिशवी खाली ठेवली आणि काकूंसोबत गाडी ढकलायला लागले. गाडी गल्लीच्या टोकापर्यंत गेली, सुरू झाली नाही. याडी आत बसून आम्हाला हात हलवत होती. शेवटी डॉक्टरांनी दिलेली वेळ टळून गेली.

काकांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. बॅटरी काढून चार्जिंगला लावली आणि दारात बसून राहिले. "मी एवढं बघून राहिलो आन् मला कळलं न्हाई," एवढंच म्हणाले.

चार्ज केली की गाडी सुरू व्हायची. दोन-तीन दिवस गेले की पुन्हा टक्. काकूंनी गॅरेजवाल्याचं नाव काढलं. काका म्हणाले, "आपलं जनावर दुसऱ्याच्या दावणीला बांधून बरं होत न्हाई. कोण तरी करंट पिऊन राहिलं. मी त्याला धरल्याशिवाय सोडत न्हाई. बराबर?"

पहिला संशय उंदरांवर आला. बॉनेटखाली डांबराच्या गोळ्या टांगल्या. गाडीत बसलं की ट्रंकेत बसल्यासारखं वाटायचं. उंदीर आलेच नाहीत, पण बॅटरी उतरलीच. दुसरा संशय बॅटरीच्या म्हातारपणावर. ओळखीच्या माणसाची धडधाकट बॅटरी मागून आणून बसवली. तीही उतरली. तिसरा संशय माझ्यावर आला असावा, कारण मी माझा मोबाईल कुठे चार्ज करते, हे त्यांनी सहज विचारून घेतलं.

मग एका रविवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. "पोरी, ये. आज चोर धरायचा."

त्यांनी बॅटरीची एक वायर सोडवली आणि त्या दोन टोकांमध्ये एक छोटा बल्ब जोडला. किल्ली बंद असताना गाडीत कुठे करंट जात असेल तर हा बल्ब पेटणार. बल्ब पेटला! काकांचे डोळेही पेटले. मी बॉनेटजवळ बल्बवर नजर ठेवून उभी राहिले आणि काका ड्रायव्हरच्या बाजूने स्टिअरिंगखाली डोकं घालून एकेक फ्यूज काढू लागले.

"इझला?"

"नाही."

"आता?"

"नाही."

"आता?"

"विझला काका!"

काका असे उठले की स्टिअरिंग त्यांच्या टाळूला लागलं. "सापडला! छतातल्या दिव्याची लाईन! तिथंच पाणी मुरून राहिलं!"

मी जरा चाचरतच म्हटलं, "काका, पण दार उघडलं की तो दिवा लागतोच ना? तुमचं दार आत्ता उघडंच आहे."

काकांनी दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे. काकू दारात उभ्या होत्या, त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. काकांनी फ्यूज परत घातला, दाराच्या खाचेतलं त्या दिव्याचं बटण जखमेला लावायच्या चिकटपट्टीने दाबून बंद केलं आणि पुन्हा पहिल्यापासून तपासलं. बल्ब पेटलाच नाही. कुठेही करंट गळत नव्हता. गाडी ठणठणीत होती.

"म्हणजे आत्ता बरी, अन् एखाद्या सकाळी आजारी," काका टाळू चोळत म्हणाले. "मधी कोण तरी येऊन जातं. आज दुपारपासून राखण बसतो."

आणि खरंच बसले. कडब्याच्या पेंढ्यांमागे बाज टाकून, हातात काठी घेऊन. मी चहा घेऊन गेले, तर मलाही खाली बसवून घेतलं. ऊन कलायला लागलं होतं. काकू आत झोपल्या होत्या. शेडच्या पत्र्यावर एक कावळा तेवढा टकटक करत होता.

घराचं मागचं दार हळूच वाजलं. काकांनी काठी घट्ट धरली.

दारातून याडी आली. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर नीट घेतलेला, काखेत गाठोडं. भिंतीला हात लावत ती गाडीपर्यंत गेली, मागचं दार उघडून आत बसली, गाठोडं मांडीवर घेतलं आणि दार ओढलं. तिच्या हातात बळ कितीसं असणार? दार टेकलं, पण बसलं नाही. बाहेरून बघणाऱ्याला बंदच वाटलं असतं. आत छतातला छोटा दिवा लागलेलाच राहिला. त्या पिवळ्या उजेडात याडी समोर बघत बसली. एसटीत जागा मिळालेलं माणूस बसतं तशी, निवांत.

मला सगळं उलगडलं. ती अधूनमधून अशीच येऊन बसत असणार आणि उतरताना दार असंच नुसतं टेकवत असणार. मग संध्याकाळी काका वरून गोधडी घालणार आणि दिवा आत रात्रभर जळत राहणार.

काकांना माझ्या आधी उलगडलं असावं. काठी त्यांनी बाजेवर ठेवून दिली. ते खिडकीपाशी गेले, वाकले आणि गोरमाटीत हळूच काहीतरी विचारलं. घरात मायलेक नेहमी गोरमाटीतच बोलायचे. मराठी ही बाजाराची, परक्या माणसाची भाषा.

याडीने त्यांच्याकडे बघितलं. पदर सावरला, आणि मराठीत म्हणाली, "लई उशीर केला डायवर भाऊ. तांड्यावर सोडता का? घरी वाट बघून राहिले."

काका तसेच वाकलेले राहिले. मग त्यांनी तिचं दार उघडलं, लुगड्याचा काठ आत सरकवला आणि दार नीट लावून घेतलं. पुढं बसले. किल्ली फिरवली, गाडी लगेच सुरू झाली.

"सोडतो की बाई," ते म्हणाले. तेही मराठीत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सुचवलं, "शेडला कुलूप लावा. नाहीतर तो आतला दिवाच काढून टाका. मग बॅटरी उतरणार नाही."

"दिवा लागला की तिला वाटतं, गाडी निघाली," काका म्हणाले. "तो न्हाई काढायचा. कुलूप तर न्हाईच न्हाई."

त्यांनी एकदा तिला खरंच तांड्यावरही नेलं. तिथल्या आपल्याच जुन्या घराच्या दारात उभी राहून याडी म्हणाली, हे कुणाचं घर, मला तांड्यावर न्या. त्या दिवशी काका परत आले ते थेट शेडमध्येच गेले आणि अंधार पडेस्तोवर टर्मिनल घासत बसले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी त्यांची गाडी निघते. कालव्याच्या पुलापर्यंत जायचं, वळायचं आणि परत यायचं. गल्लीत कुणी विचारलं तर काका ठासून सांगतात, "गाडी उभी राहिली की बॅटरी मरते. तिला रोज पळवाच लागते. बराबर?" लोक हसतात. म्हणतात, आडेकाकांचं वेड वाढलं.

परवा एसटी उशिरा आली. स्टँडवर काकांची गाडी दिसली, त्यांनी मला पुढच्या सीटवर घेतलं. मागे याडी होती. कालव्याच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडे हळदीची रानं, वारा चांगला सुटलेला. याडीला बोलायची लहर आली.

"डायवर भाऊ, तुमाला आई हाय का?"

"हाय जी," काका म्हणाले.

"मलाबी एक पोरगं हाय. दवाखान्यात हाय जनावराच्या. लई गुणाचं. पण त्याला फुरसत न्हाई. आलंच न्हाई कवापासून."

मी खिडकीबाहेर बघू लागले. काकांनी गिअर बदलला. गाडी जराशी हळू केली.

"कसं दिसतं तुमचं पोरगं?" त्यांनी विचारलं.

याडी सांगू लागली. ते लहानपणी कसं वासराला मिठी मारून झोपायचं, कसं काट्यांतून अनवाणी पळायचं, कसं भाकरीवरचा पापुद्रा आधी खायचं. काका मधूनमधून "मग?" म्हणत होते. पूल आला. एरवी ते तिथूनच वळायचे. त्या दिवशी वळले नाहीत, सरळ पुढं निघाले.