भानुदासरावांची उगवण तपासणी

भानुदासराव गोष्ट वाचून दाखवतात तेव्हा त्यांचा एक डोळा ओळीवर असतो आणि दुसरा तुमच्या खालच्या पापणीवर. तिथं जरा ओल दिसली की वाचन थांबतं. मान हलवून ते समाधानाने म्हणतात, "उगवलं."

आम्ही दोघे जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत. मी हिशेबात, ते प्रयोगशाळेत. ओल्या कागदाच्या गुंडाळीत बी ठेवायचं आणि उगवतं का बघायचं, यात त्यांची सगळी नोकरी गेली. तपासल्याशिवाय काहीही बाजारात जाऊ नये, असं त्यांचं मत. गेल्या वर्षापासून या तपासणीत कथाही आल्या. जेवणाच्या सुट्टीत आम्ही डबे उघडतो आणि भानुदासराव जुना दिवाळी अंक उघडतात.

"माणूस कुठल्या जागी रडतो, ते बघून राह्यलो," ते सांगतात. "लेखकाला वाटतं, म्हातारा मेला की लोक रडणार. बिलकुल न्हाई. म्हातारा मरताना सगळे लोणच्याकडं बघतात."

यात तथ्य होतं. एका कथेत अख्खं घर पुरात वाहून गेलं, आणि आमच्या कुलकर्णीबाई म्हणाल्या की आज चटणीत लसूण जास्त झालाय. उलट आमचे मॅनेजर गोरे साहेब. पाहुण्याला पाणीसुद्धा न विचारणारा माणूस. एका साध्याशा कथेत बाप पोराच्या सायकलीत हवा भरून देतो, एवढंच वाक्य आलं, आणि साहेब हातात घास धरून हुंदके द्यायला लागले. आम्ही सगळ्यांनी डब्यांत माना घातल्या. भानुदासरावांनी मात्र लगेच चौकशी केली, "सायकलमुळं का बापामुळं?"

साहेब उठून गेले. पुढे बरेच दिवस भानुदासरावांची रजा मंजूर होत नव्हती, पण त्यांना निष्कर्ष मिळाला होता. "गोष्टीतल्या माणसासाठी कोणीच रडत न्हाई. ज्याचं त्याचं आत पडलेलं असतं. गोष्ट फक्त पाणी घालती."

घनसावंगीला जाणाऱ्या जीपमध्येही त्यांनी एकदा प्रयोग केला. प्रवासी कोरडे राहिले, ड्रायव्हर उगवला. त्याने जीप उसाच्या कडेला उभी केली आणि आईला फोन लावला. बाकीचे प्रवासी भानुदासरावांना काय काय बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझ्यावर त्यांनी पुष्कळ कथा वाया घालवल्या आणि शेवटी नापास वाण म्हणून मला बाजूला काढलं. वाचायला तरी उपयोग होईल म्हणून कधी कधी अंक माझ्या हातात द्यायचे. नियम एकच. "वाचणाऱ्यानं रडायचं न्हाई. सँपल बिघडतं."

परवा रविवारी दुपारी, ऑफिसात विसरलेला त्यांचा चष्मा द्यायला घरी गेलो. वहिनी खिडकीपाशी खाटेवर बसल्या होत्या. पूर्वी दारातूनच "या, चहा टाकते" म्हणणाऱ्या बाई. आता माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खिडकीकडे. वर्षापूर्वी त्यांची धावडा गावात दिलेली धाकटी बहीण गेली, हे मला ठाऊक होतं. पुढचं भानुदासरावांनी स्वयंपाकघरात चहा करता करता सांगितलं.

"रडलीच न्हाई हो ती. आई लवकर गेल्ती, धाकटीला हिनंच वाढवली. मयतीला आलेल्या बायका मला म्हणाल्या, हिला रडवा, न्हाईतर अवघड होईल. आता मी कसं रडवू? मला काय येतं? म्हणलं, गोष्टी तपासून बघू. बाहेर ज्या उगवतील, त्या हिला वाचू."

मी म्हणालो, "वर्ष झालं, भानुदासराव."

"बी न उगवलं तर आपण बोटानं दाबून बघतो. मऊ लागलं तर सडलं. टणक लागलं तर झोपलेलं." त्यांनी चहा गाळला. "ती टणक आहे."

एवढे दिवस हा माणूस आम्हाला विक्षिप्त वाटत होता. मला फार वाईट वाटलं.

बाहेर येऊन त्यांनी वाचायला घेतलं. दोन बहिणींची गोष्ट होती. थोरली शाळेच्या आधी धाकटीची वेणी घालते, धाकटी सारखी हलते, थोरली तिला कंगव्याने टोचते. लोणच्याकडे बघायला लावणारी. मी वहिनींच्या पापणीकडे बघत होतो. कोरडी. आणि वाचता वाचता "रिबीन घट्ट बांध, पळताना सुटती" या वाक्यावर भानुदासरावांचाच आवाज अडकला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडकला. त्यांनी अंक मांडीवर ठेवला आणि त्यांचे डोळे वाहायला लागले.

"सँपल बिघडलं," ते कसंबसं म्हणाले.

वहिनींनी वळून बघितलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग हात लांबवून पदराने त्यांचा चेहरा पुसला.

"वाचा की," त्या म्हणाल्या. "बांधली का तिनं रिबीन?"

भानुदासरावांना वाचवेना. अंक त्यांनी माझ्याकडे सरकवला. थोरलीने रिबीन बांधली, दोनदा गाठ मारली, आणि धाकटी पळत शाळेत गेली. एवढीच गोष्ट होती. मी नजर वर न करता वाचत होतो, तरी वहिनींचा हुंदका ऐकू आला. आधी एक, मग थांबेचनात.

पुढची ओळ मला नीट दिसत नव्हती. वाचणाऱ्याने रडायचं नाही, हे मला पाठ होतं, म्हणून मी तशीच अंदाजाने वाचली.