गाडी थांबवू नये

सन १९६१च्या मार्च महिन्यात बेंगळूरच्या दोरखंड संचालनालयाची मोटार उभी राहिली की थरथरू लागे. धावताना तिची काही तक्रार नसे. पण चौकात पोलिसाने हात केला, ड्रायव्हरने पाय सैल सोडला, की ते जुने इंजिन हिवताप भरल्यासारखे हुडहुडे, दोन आचके देई आणि बंद पडे. मागे बसलेले संचालक बिंदुमाधवराव नेमके तेव्हा सही करायला गेले, तर कागदावर भलत्याच अधिकाऱ्याची सही उमटे.

ड्रायव्हर शिवाप्पा निपाणीचा. निपाणी म्हैसूर राज्यात गेली आणि तिच्यामागोमाग शिवाप्पा बेंगळुरात आला. पाच वर्षे तो हंगामीच होता. कायम झाल्याचा हुकूम जूनमध्ये निघायचा होता, आणि त्या भरवशावर बायकोने, चंपाने, सासूलाही गावाहून आणवले होते.

शिवाप्पाने प्लग काढून घासले, पॉइंट लावून पाहिले, स्लोचा स्क्रू दोन्हीकडे फिरवला. फरक नाही. मग चालू इंजिनात कार्बोरेटरच्या बुडाशी चार थेंब तेल सोडले, तशी थरथर क्षणभर थांबली. त्याला कळले. खालचे पॅकिंग फाटले होते आणि इंजिन तिथून नको ती हवा ओढत होते.

हेडक्लार्क व्यंकोजींचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर दक्षिणेत आले आणि इथलेच झाले. घरात मराठी होती, तिच्यात कानडी निवांत नांदत होती.

"हवा ओढतंय? सरी, बरं," व्यंकोजी म्हणाले. "अर्ज दे. तीन प्रतींत."

"पॅकिंग एवढंसं असतंय की हो अण्णा. तळहाताएवढं."

"पॅकिंग लहान असतं रे. अर्ज लहान नसतो."

दहा आठवड्यांत अर्ज तीनदा परत आला. पहिल्या खेपेला विचारणा होती की इंजिनाचे वय सिद्ध करणारा दाखला का जोडला नाही. दुसऱ्या खेपेला, सदर हवा सरकारी आवारातील की खाजगी. तिसऱ्या खेपेला, ती ओढण्याची परवानगी इंजिनास कोणी दिली.

शेवटी शिवाप्पाने रद्दीतून फायलीचे एक जाड कव्हर उचलले, कात्रीने पॅकिंग कापले, भोके पाडली, तेल लावून बसवले. दुसऱ्या दिवशी चौकात गाडी उभी राहिली, तेव्हा बिंदुमाधवराव दचकले. "शिवाप्पा, बंद पडली का?"

"नाही साहेब. चालू आहे."

पाच वर्षांत साहेबांनी पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे पाहिले. शिवाप्पा तो दिवसभर शीळ घालत होता.

दुपारी व्यंकोजी आले. "ते कव्हर कुठलं?"

"रद्दीतलं."

"रद्दीची पण नोंद असते. जाळायची कव्हरं एक्केचाळीस, जळाली चाळीस. आणि गुरुवारी समिती येतेय, बिघाड बघायला. बिघाडच नसला तर समितीनं बघायचं काय? चहा सांगून झालाय."

"मग करू काय?"

"दुरुस्ती मागं घे."

शिवाप्पा साहेबांकडे गेला. फायलीवरून नजर न काढता बिंदुमाधवराव म्हणाले, "गाडी छान चालते याचा व्यक्तिशः मला आनंद आहे. पण या खुर्चीत मी व्यक्तिशः बसत नाही."

बऱ्या झालेल्या पोराला पुन्हा आजारी पाडावे, तसे शिवाप्पाने ते पॅकिंग काढले. दोन साक्षीदारांसमक्ष ते नियमानुसार जाळण्यात आले. तेल पाजलेले असल्यामुळे चांगले पेटले.

गुरुवारी समितीचे तिघे गाडीत बसले आणि तिघांचाही चहा सांडला. एकाला पेट्रोलचा संशय आला, दुसऱ्याला बेंगळूरच्या उंचीचा, तिसऱ्याला शिवाप्पाच्या पायाचा. शिवाप्पाने तेलाचे थेंब सोडून दोष कुठे आहे ते डोळ्यांसमोर दाखवले. अहवालात नोंद झाली: 'ड्रायव्हरने विनापरवाना तेल वापरले.' पॅकिंग विलायतेहून मागवावे, परंतु परकीय चलन उपलब्ध नसल्याने मागवू नये, असे एकमताने ठरले. गाडी केवळ थांबल्यावर बंद पडते, हे समितीने बारकाईने पाहिले होते. सबब, पुढील हुकूम होईतो गाडी थांबवू नये.

परिपत्रक निघाले आणि पाळले गेले. चौकातल्या पोलिसांना त्याची प्रत धाडण्यात आली. साहेब चालत्या गाडीत चढू लागले, चालत्या गाडीतून उतरू लागले. आठवड्याभरात त्यांना ते इतके जमले, की खालचे अधिकारी थांबलेल्या गाडीतूनही उडी मारून उतरू लागले.

शिवाप्पा रोज साहेबांना विनवी, "थांबवतो की साहेब, हँडल मारून पुन्हा चालू करीन." साहेब म्हणत, "परिपत्रक आहे."

सोळाव्या दिवशी बसवनगुडीत, बस थांब्यापाशी, साहेबांचा पाय मुडपला. ते रस्त्यावर आडवे झाले आणि उजवे मनगट मोडले. शिवाप्पाने करकचून ब्रेक दाबला. गाडी अर्थातच बंद पडली. त्याने खांद्यावरच्या पंच्याने साहेबांचा हात बांधला, हँडल मारून गाडी चालू केली आणि त्यांना इस्पितळात पोहोचवले.

त्याच्यावर दोन आरोप ठेवले गेले. गाडी थांबवली, हा हुकमाचा भंग. गाडी वेळेवर थांबवली नाही, हा निष्काळजीपणा. दोन्ही सिद्ध झाले. उजवा हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे बडतर्फीच्या हुकमावर बिंदुमाधवरावांनी डाव्या हाताचा अंगठा उठवला.

निपाणीला जायचे बोचके बांधताना चंपाने विचारले, "थांब्यावर एवढी माणसं होती म्हणता. कुणी खरं सांगितलं नाही?"

"अकरा होती. कुणी बघितलंच नव्हतं. सगळी बस येते का बघत होती." शिवाप्पाने गाठ आवळली. "पोलिसानं कागद पुढं केला, 'चूक ड्रायव्हरची' असं आधीच लिहिलेला. तेवढ्यात बस आली. अकराही जणांनी सह्या ठोकल्या आणि चढली."

"असली कसली गं बाई माणसं!"

"चांगली होती. शिकलेली. साहेबाचं लागलं बघून हळहळली पण."

त्यातल्या शेवटच्या माणसाने तर सही झाल्यावर पोलिसाच्या पेनाला टोपण लावून ते परत दिले, आणि खिडकीजवळची जागा धरली. वाचकहो, ते टोपण लावल्याचं आठवतंय का तुम्हाला?