गेनूभाऊ आणि ‘तीन नवरे, एक बाटली’

आमच्या शेजारच्या गेनूभाऊंकडं एकाच कादंबरीच्या अकरा प्रती होत्या, आणि त्यातली एकही त्यांनी वाचलेली नव्हती.

अकरा म्हणजे मी मोजल्या तेव्हा. पुढं वाढल्या. कादंबरीचं नाव ‘तीन नवरे, एक बाटली’. नावावरून तुम्हाला वाटेल दारूची गोष्ट असेल. तसं नाही, बाटली विषाची. मुखपृष्ठावर एक बाई. हिरवी साडी, डोक्यावरून पदर, नाकात नथ, नजर जराशी तिरकी, आणि गालाशी धरलेली बाटली. बाटलीवर कवटी. आतमध्ये ही बया एकापाठोपाठ तीन नवऱ्यांना वर पोचवते आणि चौथ्याला चहा करून देते, तिथं शेवटचं प्रकरण सुरू होतं.

सन साठनंतरची ती वर्षं. लोणावळ्याला रेल्वेच्या चाळीत आमची खोली आणि गेनूभाऊंची खोली भिंतीला भिंत. गेनूभाऊ स्टेशनात सांधेवाले, म्हणजे गाडी कुठल्या रुळावर घालायची ते रूळ बदलणारे. मूळचे लोहगडवाडीचे. बायको तापानं गेली तेव्हा मुलगी, इंदू, दोन वर्षांची. दुसरं लग्न केलं नाही. माणूस अगदी सरळ, तंबाखूसुद्धा नाही. पण सुट्टीचा दिवस आला की कापडी पिशवी काखेत मारून पॅसेंजरनं पुण्याला. अंगावर रेल्वेचा निळा सदरा, त्याला तिकीट कोण विचारतंय? उतरलं की सरळ जुन्या पुस्तकांची दुकानं.

एकदा आमच्या ह्यांचे डोळे दाखवायला पुण्याला गेलो होतो, तेव्हा मी गेनूभाऊंबरोबर एका दुकानात गेले. बोळातलं दुकान. सुतळीनं बांधलेले रहस्यकथांचे गठ्ठे छतापर्यंत, आणि वास असा की शिंकच यावी. गेनूभाऊंनी एका गठ्ठ्यातून तीच बाई ओढून काढली. हात लांब करून बघितली. दाराशी उजेडात नेली. मग अंगठ्याला थुंकी लावून तिचा गाल पुसला.

दुकानदार म्हणाला, “अहो, आतून बघा. पानं सगळी आहेत.”

“पानं ऱ्हाऊ द्या. तोंड साफ पायजे.”

“मुलगी बघायला आलात काय?”

“ह्यो बगा, शिक्का मारलाय कपाळावर. वाचनालयवाल्यांना दुसरी जागा घावली न्हाई व्हय?”

“कुंकू समजा.”

“जांभळं कुकू आसतंय व्हय?” असं म्हणून गेनूभाऊंनी पुस्तक खाली ठेवलं. दोन पावलं गेले आणि परत फिरून पिशवीत घातलं. “टाकवत न्हाई वैनी,” मला म्हणाले. “हितं धुळीत कुटं ठिवायची?”

अशा त्यांच्या अकरा प्रती. एकीच्या गालावर कपाचा गोल डाग, एकीच्या डोळ्याला वाळवीनं भोक पाडलेलं, एकीचा कान उंदरानं खाल्लेला. प्रत्येकीबद्दल ते हळहळायचे. “बाकी समदं ग्वाड हाय, पर कान...” 

दुकानदार लोक काही कमी नव्हते. हे गिऱ्हाईक कशाला भुललंय ते त्यांनी ओळखलं होतं. एकटं पुस्तक देणार नाही, गठ्ठा उचला, म्हणायचे. त्यामुळं ह्या बयेबरोबर दहा-दहा खून, दरोडे, भुताटकी आणि हिऱ्यांचे हार लोणावळ्याला यायचे. गेनूभाऊ ते सगळं चाळीत वाटून टाकायचे, डागी बायासुद्धा. “वाचा, पर परत द्या, आन् तोंडावर काय ठिवू नका,” एवढंच सांगणं.

चाळीला वाचनाचं वेड लागलं ते असं. मी कार्ल्याची, चौथी पास. लग्नानंतर हातात आलेलं पुस्तक म्हणजे पंचांग. पण त्या रहस्यकथांनी मला वाचायला लावलं. जोडाक्षरं मी खुनांवर शिकले म्हणा ना. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे, दुपारी जातं बाजूला सारून पाय पसरायच्या आणि विचारायच्या, “काय गं, आज कोण मेलं?”

“काल सावकार मेला, आत्याबाई. आज त्याचा भाचा.”

“भाचा मरायलाच पायजे हुता. लई श्याना. वाच.”

‘तीन नवरे’ची तर अकरा प्रती असूनही पाळी लावावी लागायची. एका घराला दोन दिवस. आत्याबाईंना दोन दिवस पुरेनात. त्यांनी गुपचूप भावाला सांगून पुण्याच्या छापणाऱ्याकडं उरलेली एकुलती कोरी प्रत मागवली, कॅलेंडरचा कागद खळीनं चिकटवून झाकून टाकली आणि देव्हाऱ्यात पोथीच्या फडक्यात गुंडाळून ठेवली. वरून दत्तगुरू, आत तीन खून. “कुणाला बोललीस तर बघ,” मला दम दिला. मी कशाला बोलते?

एकच गोष्ट कुणाला कळेना. ह्या माणसाला हीच बाई का? बायका नळावर काय बोलायच्या ते इथं लिहीत नाही. शेवटी एकदा गेनूभाऊ बारावी प्रत घेऊन आले आणि आत्याबाईंनी ओट्यावर सगळ्यांदेखत विचारलं, “काय रं गेन्या, ह्या बयेनं तीन खाल्ले. चवथा तू व्हतूस का?”

सगळी चाळ हसली. मीही हसले. गेनूभाऊंचा चेहरा मात्र पांढरा पडला. “तीन खाल्ले म्हंजी?” त्यांनी विचारलं.

“आरं, पुस्तक कधी उघडलंस का न्हाई? वीख घालती की ती नवऱ्यांना!”

गेनूभाऊ पिशवी घेऊन आत गेले. मग आठ दिवस ओट्यावर आले नाहीत.

नवव्या दिवशी दुपारी इंदू माझ्याकडं आली. सतरा वर्षांची पोर, लग्न ठरलेलं, तळेगावकडचं स्थळ. बापाला दादा म्हणायची. मी चूल फुंकत होते ती फुंकणी तिनं माझ्या हातातून घेतली आणि खाली बघत विचारलं, “काकू, त्या बाईनं खरंच तिघांना मारलंय का हो? दादा सारखं विचारतात. नीट जेवतसुद्धा नाहीत.”

“त्यांना काय करायचंय गं त्या बाईशी?”

“ती माझी आई आहे,” इंदू म्हणाली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. इंदूच्या आईचा फोटोच नव्हता. एकदा कार्ल्याच्या जत्रेत फोटोवाल्यानं पडदा लावला होता, तिला फार वाटत होतं काढावा. गेनूभाऊ म्हणाले, पुढच्या साली काढू. पुढच्या साली ती नव्हती. इंदू सात-आठ वर्षांची झाली तशी रोज विचारायला लागली, आई कशी होती? गेनूभाऊ म्हणायचे, “लय ग्वाड व्हती.” पोरीचं तेवढ्यावर भागेना. मग एक दिवस त्यांनी पुण्याहून एक पुस्तक आणलं आणि म्हणाले, “ही बग. आशी व्हती तुजी आई. आत बगायचं न्हाई, नुसती वरून बगायची.”

“त्या पहिलीला कुणीतरी शाईनं मिशा काढल्या होत्या,” इंदू म्हणाली. “मी लहानपणी मिशांसकटच नमस्कार करायचे. म्हणून दादा साफ तोंडाची शोधत असतात. आता लग्न आलं. निघताना आईच्या पाया पडून निघावं असं मला फार वाटतं, काकू. तिकडच्या माणसांनीही विचारलंय, आईचा फोटो नाही का म्हणून. सांगा ना, मारलंय का तिनं?”

मी फुंकणी परत घेतली. म्हटलं, “छे गं. पहिला तर छातीत कळ येऊन जातो. बाकीच्यांचं लोक आपलं उठवतात काहीतरी.”

इंदू गेली. मी वळून बघते तर आत्याबाई देव्हाऱ्यापुढं बसलेल्या. भिंत कसली, आमच्या घरात तट्ट्याचा आडोसा, सगळं ऐकू गेलं होतं. मांडीवर ते फडकं सोडलेलं, आणि सुरीच्या टोकानं त्या कॅलेंडरचा कागद कडेकडेनं सोडवत होत्या. कागद निघाला. आतली बाई अगदी कालच रंगवल्यासारखी. डाग नाही, शिक्का नाही, नथीचा मोती न् मोती दिसतोय.

“नेऊन दे त्याला,” आत्याबाई म्हणाल्या. “आन् सांग, म्हातारीची जीभ लांब हाय म्हनावं.”

“तुम्हीच द्या की.”

“मला लाज वाटती,” असं त्या म्हणाल्या. पुढं त्या जाईपर्यंतच्या पंचवीस वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी तेवढाच ऐकला.

मी नेऊन दिली. गेनूभाऊंनी हात लांब करून बघितली, उजेडात नेली, आणि अंगठा उचलला तो तसाच ठेवला. पुसायला काही नव्हतंच.

राहिली बाटली. गालालाच लागून, कापावी तर गाल जायचा. बाजारातल्या फोटो स्टुडिओवाल्याकडं गेनूभाऊ चार खेपा घालून आले. त्यानं बारीक कुंचल्यानं बाटलीचा कुंकवाचा करंडा केला, कवटीच्या जागी कमळ काढलं, काच घालून चौकट दिली. मी बघितलं तर खरंच कुणीतरी घरंदाज सवाष्ण. नजर तेवढी तिरकी राहिली. ती काही कुंचल्याचं ऐकेना.

लग्न चाळीपुढच्या मोकळ्या जागेत झालं. चौकट पाटावर ठेवलेली, हार घातलेला. आणि चाळीतल्या एकूण एक माणसानं ते पुस्तक वाचलेलं! तिनं कुठल्या प्रकरणात कुणाला काय पाजलं ते सगळ्यांना पाठ. पण येणारा प्रत्येक जण गंभीर तोंडानं पुढं व्हायचा आणि हात जोडायचा. आमचे हे तर दोनदा पाया पडले. मी बघितलं तशी म्हणाले, “म्हटलं, असावं.”

तेवढ्यात नवऱ्यामुलाचे मामा चौकटीपुढं येऊन थांबले. जाडजूड, काळी टोपी, गंध लावलेले. वाकून बघितलं. मान तिरकी करून बघितलं. म्हणाले, “यांना मी कुठंतरी पाहिलंय.”

सनईवाला सोडला तर सगळ्यांच्या माना वळल्या. गेनूभाऊ अक्षता वाटता वाटता थांबले. इंदू मुंडावळ्यांतून बापाकडं बघत होती.

आत्याबाई पदर खोचून पुढं झाल्या. “कुटं बगितलं, पावनं?”

“तेच आठवतोय. हे डोळे... चांगले ओळखीचे आहेत.”

“तुमी चावट पुस्तकं बिस्तकं वाचता का वो?”

मामा दचकले. आजूबाजूला बघितलं, त्यांची बायको तिथंच उभी. “छे, छे! भलतंच काय! आम्ही फक्त पोथी वाचतो.”

“मग कुटं बगनार तुमी? पंधरा वर्सं झाली तिला जाऊन. नमस्कार करा आन् सरका, लोक खोळंबल्यात.”

मामांनी चटकन नमस्कार केला. तो करताना त्यांना सगळं आठवलं असावं, कारण कान लालभडक झाले. पण बोलतात कशाला?

इंदू चौकट घेऊन सासरी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी गेनूभाऊ आमच्या ओट्यावर येऊन बसले. मी चहा दिला. तो त्यांनी निवू दिला.

“वैनी,” म्हणाले, “येक सांगतो. ती तशी नव्हती.”

“कोण?”

“इंदूची आई. पोरीनं इचारलं ना, तवा मलाच तोंड आठवंना. रात पाळ्या, दिस पाळ्या, पोर सांबाळायची... कवा पुसून गेलं काय ठावं. साडी आठवती, हाक आठवती. तोंडच न्हाई. मग दुकानात ही दिसली. म्हनलं, आसंल. आशीच आसंल. आता डोळं मिटलं की ही बाटलीवालीच येती बगा म्होरं.”

मी तर इंदूच्या आईला पाहिलेलंच नव्हतं, मी नंतरची. रेल्वेची चाळ, बदल्या होत राहतात. तिला पाहिलेलं आता चाळीत एकच माणूस उरलं होतं, आणि ते आत डाळ निवडत होतं.

आत्याबाई सूप घेऊन बाहेर आल्या आणि गेनूभाऊंच्या समोर बसल्या. त्यांच्याकडं न बघता, डाळीतला खडा बाजूला काढत म्हणाल्या, “बुटकी हुती. माज्या खांद्याला लागायची. नाक बसकं. रंगानं तुझ्यापरीस उजळ, पर उन्हात गेली की तांबडी व्हायची.”

गेनूभाऊंनी कप खाली ठेवला.

“हसली की तोंडावर पदर धरायची. म्होरचा दात जरा फुटका हुता म्हनून. लगीन व्हायच्या आदी जात्याचा खुट्टा लागलेला.”

“कंचा दात?” गेनूभाऊंनी विचारलं. “उजवा?”

“डावा.”

गेनूभाऊंनी डोळे मिटले. मग त्यांची मान हलली.

“व्हय,” ते म्हणाले. “व्हय मावशी. डावा.”