रूबेनकाका खोली बघायला जातात

नव्या गावात गेलं की माणसं बाजार बघतात, समुद्र बघतात, नाहीतर निदान खायला काय मिळतं ते बघतात. आमचे शेजारी रूबेनकाका किहीमकर मान वर करून दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे बघतात.

"ज्या गल्लीत पोरांची दुपटी वाळतात, तिथं खुशाल उतरायचं," ते सांगतात. "जिथं नुसते पुरुषांचे शर्ट, तिथं पत्ते कुटतात. आणि जिथं दोरीच नाय, तिथून पाय काढायचा. काय समजलीस?"

एकदा तेल अविवजवळच्या याफोमध्ये ते एका गॅलरीखाली इतका वेळ वर बघत उभे राहिले, की गॅलरीतल्या बाईनं धुण्याची बादली त्यांच्या डोक्यावर उपडी केली. काकांनी चष्मा पुसला, बाहीचा वास घेतला आणि मला म्हणाले, "साबण चांगला वापरते. वस्ती घरंदाज आहे."

मी रामल्याच्या दवाखान्यात कारकून. काका आमच्या समोरच्या घरात राहतात. मुंबईला असताना ते गोदीत बोटींवरचा माल मोजून घेणारे टॅली क्लार्क होते. कुठलं पोतं कुठल्या बाजूनं कापलंय हे बोट लावून सांगायचे म्हणे. इस्रायलला आल्यावर एका कारखान्याच्या गेटवर बसायचं काम मिळालं. पण तिथं कुणी काही कापत नाही, त्यामुळे त्यांची सगळी हुशारी तशीच साठून राहिली. ती ते मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांवर खर्च करतात. कुणी शिकायला येवो, कुणी देश बघायला, कुणी बायकापोरांना आणण्याआधी स्वतः अंदाज घ्यायला. काका त्याला गाठणार, आणि कुठं उतरावं नि कोण कसं फसवतं ते सांगणार. कुणी विचारलेलं नसतं.

"हसून बोलतोय ना? मग पिशवी मांडीवर घे," हा त्यांचा पहिला नियम. या देशात अनोळखी माणसाशी हसून बोलायची फारशी पद्धत नाही, त्यामुळे नियम वापरायची वेळ क्वचितच येते. काका मात्र चिकाटीनं वाट बघतात.

फुटपाथवर पैसे बदलून देणारा, फुकट वाट दाखवणारा, ऑलिव्हच्या लाकडाचा म्हणून भलत्याच लाकडाचा उंट गळ्यात मारणारा, या सगळ्यांची काकांना खडान्‌खडा माहिती. मागच्या वर्षी पुण्याहून देवधर नावाचा एक इंजिनिअर तेल अविवला शिकायला आला होता. काकांनी त्याला एक संध्याकाळभर समजावलं. समजावणं इतकं पक्कं झालं, की तो पुढचे दोन दिवस खोलीबाहेरच पडला नाही. टोमॅटो आणि पाव खाऊन राहिला. शेवटी काका स्वतः जाऊन त्याला रामल्याला घेऊन आले, वरणभात खाऊ घातला आणि वर म्हणाले, "बघ, मी नसतो तर तुझं काय झालं असतं!" देवधरनं आणखी भात वाढून घेतला.

एवढा जाणता माणूस स्वतः कधी फसला नसेल असं तुम्हाला वाटेल. काका फसले होते, आणि आमच्या लोकांनाच जमेल अशा रीतीनं फसले होते.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू लोक, अडीअडचणीला एलियाहू हानाबी या प्रेषिताचा धावा करतो. नवस बोलायचा तो त्याच्या नावानं, फेडायचा तो मलिद्यानं : पोहे, खोबरं, साखर, फळं. काका आणि साराकाकू बोटीनं हैफाला उतरले, तेव्हा सुखरूप पोचल्याचा मलिदा करायचा होता. हैफाला एलियाहूची गुहाच आहे, मग दुसरीकडे कशाला जायचं? दोघं नव्यानं आलेल्यांच्या छावणीतून पोह्यांची पिशवी घेऊन निघाले. वाटेत एक म्हातारा भेटला. पांढरीशुभ्र दाढी, पांढरा सदरा. आमच्या घरोघरी एलियाहूची तसबीर असते तिच्यातून उतरून आल्यासारखा. तो म्हणाला, गुहा आज बंद आहे, उद्या उघडेल. पण माझी खोली बरोबर गुहेच्या माथ्यावर आहे, नबी स्वतः तिथं निजले होते. काकांनी हात जोडले आणि आठ दिवसांचं भाडं आगाऊ दिलं.

सकाळी खोलीचा खरा मालक आला. गुहा डोंगराच्या दुसऱ्या अंगाला होती, आणि उघडीच होती.

"दाढी बघितली आणि माझी अक्कल गेली," काका सांगतात. "पण तुझी काकू काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, आता आलोच आहोत तर मलिदा इथंच करू. त्या मालकालाच खायला घातला. हसत होती गो. सामान रस्त्यावर, आणि ही हसते."

साराकाकूला जाऊन आता तीन वर्षं झाली. मुलगा योसेफ नेतिवोतला असतो, सणावाराला येतो. काका मराठीत विचारतात, तो हिब्रूत उत्तर देतो. काकांनी काहीही काळजी सांगितली की तो म्हणतो, "इहिये बेसेदेर, आबा." होईल सगळं ठीक. आणि शेवटची बस पकडतो.

या वर्षी पेसाहच्या सणानंतर मुंबईहून आलेल्या कुणाबरोबर तरी काकांना निरोप आला. धाकटा भाऊ बेनी आणि त्याची बायको फ्लोरा पंधरा दिवस देश बघायला येतायत, तेल अविवमध्ये हॉटेलात उतरतील, तेव्हा दादानं एखादी सुरक्षित जागा बघून ठेवावी. बेनी मुंबईत सरकारी साहेब आहे. काका इकडे आल्यापासून भावाभावांची भेट नव्हती.

मी म्हटलं, "हॉटेलात कशाला? तुमच्याकडे दोन खोल्या आहेत की."

"साहेब माणूस. त्याला हॉटेलच बरं," काका म्हणाले, आणि दोऱ्यांचा विषय काढला.

शुक्रवारी अर्धी रजा काढून मी त्यांच्याबरोबर तेल अविवला गेले. हिब्रू बोलायला मी, बाकी सगळं काका. संध्याकाळी शब्बाथ लागला की बस बंद, त्याच्या आत परतीची गाठायची होती.

पहिलं हॉटेल समुद्रासमोर. काउंटरवरचा मुलगा हसला. काकांनी पिशवी छातीशी धरली आणि आम्ही बाहेर पडलो. दुसरं बस स्टँडजवळ. काकांनी मान वर केली. गल्लीत एकही दुपटं नाही. तिसऱ्या हॉटेलात ते खोलीपर्यंत गेले. उशी कानाजवळ नेऊन हलवली. नळ सोडून पाण्याची चव घेतली. खिडकीतून वाकून बघितलं आणि मालकाला विचारायला सांगितलं, की समोरच्या घरातला कुत्रा कुणावर भुंकतो? मालकानं मला विचारलं, हे गृहस्थ पोलीस आहेत का? मी हो म्हटलं. एव्हाना माझे पाय दुखायला लागले होते.

चौथी जागा म्हणजे एक साधं पेन्शन, जेवणासकट खोल्या देणारं. गल्लीत शिरताच काकांचा चेहरा पडला. दोन्ही बाजूंच्या दोऱ्या दुपट्यांनी गच्च भरल्या होत्या. दार एका गोऱ्यापान, चाळिशीच्या बाईनं उघडलं. फ्लोराची नीट सोय व्हावी म्हणून काका माझ्या कानात मराठीतून सूचना देत होते, ते त्या बाईनं ऐकलं आणि ती म्हणाली,

"या की पाव्हनं! आत या. उन्हातनं आलासा, पानी देऊ का?"

काकांनी भिंतीचा आधार घेतला.

बाईचं नाव हाना. मूळची पोलंडची. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत फिरत फिरत कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या निर्वासितांच्या छावणीत येऊन पडली होती, तिथं भाजीवाल्यांकडून मराठी शिकली. मला तर इतका आनंद झाला, की मी तिचे दोन्ही हात धरले. काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "शुद्धीवर ये. इतका पक्का सापळा मी गोदीतसुद्धा बघितला नाय. आपल्याला लुटायला मराठी शिकून बसलेत!"

मग त्यांनी खोली तपासली. उशी हलवली. पाणी चाखलं. गादी उलटी केली. पलंगाखाली पडून बघितलं आणि बाहेर आले तेव्हा शर्टाला धुळीचा कणही नव्हता. शेवटी न्हाणीघराचं दार उघडलं. आत बादली होती, आणि बादलीवर उपडा घातलेला तांब्या.

काका त्या तांब्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग बाहेर येऊन म्हणाले, "खोली चांगली आहे."

मी त्यांना ओळखते तेव्हापासून हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. खोटं सांगून सुटता आलं असतं, पण चांगल्या मालाला वाईट म्हणायची त्यांना सवय नव्हती. स्वतःलाच शिक्षा सुनावल्यासारखे खुर्चीत बसले.

हानाबाईनं चहा आणला. "कुनासाठी पायजे खोली?"

"भाऊ येतोय. मुंबईहून."

"सख्खा?"

"सख्खा."

"आनि तुमचं घर?"

"रामल्याला. दोन खोल्या."

"मग हितं कशाला?"

मला वाटलं, आता साहेब माणसाचं सांगतील. पण काकांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "घरात बाई नाय माझ्या. बाई नसलेल्या घरात पाहुणा कसा उतरेल? फ्लोराला काय वाटेल? म्हणून मी बोलावलं नाय."

मला खरंच लागलं. रोज समोरासमोर राहून जे मला कधी सांगितलं नव्हतं, ते या परक्या बाईला दोन घोट चहात सांगून टाकलं होतं. पण राग टिकला नाही. त्या म्हाताऱ्या माणसाची दया आली, आणि इतके दिवस मला कळलं नाही याची लाज वाटली.

हानाबाई म्हणाली, "माझ्या घरात बाप्या न्हाई. तरी रोज टेबलाला मानसं मावत न्हाईत. कोन बी परत जात न्हाई."

काकांनी बशीतला कप गोल फिरवला.

"मला बी भाऊ हुता," ती म्हणाली. "तो आला असता तर मी त्याला हाटेलात ठिवला असता व्हय?"

मग ती उठली, कप गोळा केले आणि म्हणाली, "खोली न्हाई माझ्याकडं."

"पण आत्ता दाखवलीस की!" काका म्हणाले.

"भरली."

"कधी भरली?"

"आत्ताच. जावा, बस चुकंल."

तिनं आम्हाला दारापर्यंत पोचवलं आणि दार लावून घेतलं. काका पायरीवर उभे राहिले. "बघितलंस? खोली दाखवायची, आस लावायची, आणि मग नाय म्हणायचं! ही तऱ्हा मी कधी ऐकली नव्हती." एवढं बोलून ते बसकडे निघाले ते इतक्या भराभर, की मला त्यांच्यामागे पळावं लागलं. बसमध्ये त्यांनी मला विचारलं, रामल्यात नारळ कुठं मिळतो, आणि तांदळाच्या पिठाची भाकरी फुटू नये म्हणून काय करतात.

बेनी आणि फ्लोरा उतरले त्या दिवशी मी लोदच्या विमानतळावर होते. काकांनी भावाला मिठी मारली आणि लगेच सांगून टाकलं, "खोली बघितली होती रे. पण फसवलं आम्हाला. ऐन वेळी बाईनं नाय म्हटलं. आता दुसरं मिळेपर्यंत माझ्याकडे काढावे लागतील दिवस. घरात बाई नाय, तेव्हा..."

बेनीनं हातातली बॅग खाली ठेवली. मग म्हणाला, "अरे दादा, तू ये म्हणाला नाहीस, म्हणून मी हॉटेल म्हटलं."

फ्लोरानं आपली पिशवी उचलून काकांच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डब्यात थोडी चटणी घेऊन समोर गेले. दार उघडंच होतं. बेनी अजून झोपला होता. आतून फ्लोराचा आवाज येत होता, आणि तो आवाज साधासुधा नव्हता. मीठ कुठल्या डब्यात, कढईचा कान कुणी तोडला, फडकं म्हणून हे काय वापरता, माणूस एकटा राहिला म्हणून काय तव्याला कधी हात लावायचा नाही का, असं सगळं ती एका दमात बोलत होती. पदर खोचलेला, हात पिठात.

काका स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. नव्यानं शाळेत घातलेल्या मुलासारखे, हात बाजूला सरळ सोडून. मला बघून त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

"बोलू नकोस," ते हळूच म्हणाले. "ऐक."

"अहो, रागावलीय ती."

"रागावलीच आहे," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. "सारा गेल्यापासून या घरात माझ्यावर मराठीत कुणी ओरडलं नव्हतं गो."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. "भाऊजी! नारळ आणलात तर खवणी कुठं आहे?"

"आलो, आलो!" म्हणत काका आत धावले.