होजीचा रकाना

वासुदेव मारबतेची निम्मी गोष्ट मी शंभर वेळा सांगितली आहे. मासे ठेवायच्या जाळीच्या पिशवीत अकरा मोबाइल घेऊन फिरणारा माणूस म्हटलं की लोक खुर्ची पुढे ओढतात. त्यांचं हसून झालं की मी चहा मागवतो आणि विषय बदलतो. उरलेली निम्मी मी आजवर कुणाला सांगितली नाही, बायकोलासुद्धा नाही. आता माझं वय झालं आणि माझ्याजवळचा कागदही पिवळा पडला. तेव्हा एकदा सगळं सांगून टाकतो. आधी हसण्यासारखं.

पिशवी त्याच्या बापाची होती. घर चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाकडचं, तळ्यावर मासे मारणारं. वासुदेव मोबाइल दुरुस्ती शिकून गडचिरोलीला आला आणि आमच्या संस्थेत कंत्राटी नोकरीला लागला, पण पिशवी सुटली नाही. "हवा लागते जी फोनले," म्हणायचा. पिशवीला मासळीचा वास होता आणि तो त्या अकरा फोनांनाही लागला होता.

दोन हजारचं दशक संपत आलं होतं. मी त्या लहानशा संस्थेचा प्रकल्पप्रमुख होतो. भामरागडकडच्या जंगलातल्या गावांमधल्या आमच्या आरोग्यसेविकांनी तापाच्या रुग्णाची माहिती मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये भरायची, बटण दाबायचं, की ती आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर यायची. रुग्ण गंभीर असला तर आम्ही गाडी पाठवायची, पावसाळ्यात नदीतून डोंगा, म्हणजे लाकडी होडी. पण सेविकांचे फोन देणगीतून आलेले, निरनिराळ्या कंपन्यांचे, अकरा तऱ्हांचे. एकात फॉर्म उघडायचा, दुसऱ्यात उघडताना फोनच बंद पडायचा, तिसऱ्यात अक्षरांऐवजी चौकोन दिसायचे. सॉफ्टवेअर करणारे दोघे इंजिनिअर पुण्यात बसून सांगायचे, "आमच्याकडे तर चालतंय."

"मंग तुमचाच फोन पाठवा ना जी भामरागडले," वासुदेव म्हणायचा.

अकराही तऱ्हांवर फॉर्म नीट चालतो की नाही हे पाहणं त्याचं काम, म्हणून प्रत्येक तऱ्हेचा एक फोन त्याच्या पिशवीत. त्यानं प्रत्येक फोनला नाव दिलं होतं. बॅटरी खाणारा तो खादाड. प्रत्येक गोष्टीला 'नक्की का?' विचारणारा वकील. चकचकीत, पण कामाला निरुपयोगी असा एक नवरदेव. मोठ्यानं वाजणारी एक मावशी होती. ती वाजली की कॉम्प्युटर सांभाळणारा दुबे दचकून खुर्चीतून उठायचा.

फोन तपासण्याची त्याची रीतही त्याचीच होती. तो हात ओले करून बटणं दाबायचा, मग चिखलानं माखून, मग हळद लावून. "बाईचे हात तुमच्यासारखे कोरडे नसतेत साहेब," असं मलाच सुनावायचा. फोन पाण्याच्या टाकीवर न्यायचा, पोह्याच्या डब्यात कोंबायचा, ऑफिसच्या लोखंडी कपाटात बंद करायचा, कारण कपाटात रेंज जायची. फॉर्म पाठवला की ओरडायचा, "दुबे, पोचलं का?"

हे 'पोचलं का' त्याच्या तोंडात बसलं होतं. चहाचा कप हातात दिला की "पोचलं का?" एका लग्नात त्यानं नवरीच्या हातात आहेराचं पाकीट ठेवून तेच विचारलं आणि ती 'हो' म्हणेपर्यंत हलला नाही. मागे वऱ्हाडी ताटकळत उभे. मी एकदा वैतागून म्हणालो, "अरे, दिसतंय ना पोचलेलं."

"आमच्या इथी जाळं टाकून कोणी घरी जात नाई साहेब. वढून पाह्यतेत."

एकदा आलापल्लीच्या पुढे नाक्यावर पोलिसांनी आमची जीप थांबवली. त्या दिवसांत त्या नक्षलग्रस्त भागातल्या रस्त्यावर एका माणसाच्या पिशवीत अकरा मोबाइल सापडणं म्हणजे काय, हे तिकडच्या माणसाला सांगायला नको.

"एवढे फोन कायले बे?" हवालदारानं विचारलं.

"याईचं एकमेकाशी पटत नाई जी," वासुदेव शांतपणे म्हणाला. "पटवून राह्यलो."

हवालदारानं एकेक फोन वाजवून दाखवायला लावला. मावशी वाजली तेव्हा दोघं शिपाई मागे सरले. शेवटी हवालदारानं स्वतःचा बिघडलेला फोन पुढे केला. वासुदेवनं तिथंच बॉनेटवर तो उघडून दुरुस्त केला आणि विचारलं, "आवाज पोचला का?"

इथपर्यंत मी सांगत आलो आहे. आता पुढचं.

अकरावा फोन राखाडी आणि स्वस्त होता. त्याचं नाव होजी. रेंज गेली तरी पडद्यावरच्या काड्या तशाच राहायच्या. बाकीचे फोन रेंज नसली की फॉर्म पेटीत धरून ठेवायचे आणि रेंज आली की पाठवायचे. होजी कपाटात बंद असतानाही 'पाठवला' असं दाखवायचा आणि फॉर्म पुसून मोकळा व्हायचा.

"याले काही बी विचारा, हो जी म्हणते," वासुदेव म्हणाला. "हा मारंन कोणाले तरी."

होजीच्या तऱ्हेचा फोन नऊ सेविकांकडे होता, बहुतेक भामरागडच्या पलीकडच्या गावांत. प्रकल्पाचं उद्घाटन आठ दिवसांवर आलं होतं, पाहुण्यांना पत्रं गेली होती. पुण्याचे इंजिनिअर म्हणाले, होजीसाठी वेगळं काम करावं लागेल, दीड महिना द्या. आमचे अध्यक्ष मुंबईहून रोज सकाळी फोन करायचे.

"सगळं तयार ना?"

"हो."

"अकराही?"

"हो सर."

मी फोन ठेवला तेव्हा वासुदेव दारात उभा होता. "साहेब, तुमी बी होजीच निंगाले," म्हणाला. हसून म्हणाला. मी हसलो नाही.

तपासणीचा तक्ता त्यानं हातानं भरला होता. अकरा रकाने. दहांत बरोबरची खूण. होजीच्या रकान्यात खूण नाही, फक्त लिहिलेलं, 'नापास. कपाटात खोटं बोलते.' असा तक्ता अध्यक्षांना कसा पाठवणार? मी तो स्वच्छ टाइप करून घेतला. अकराही रकान्यांत खूण केली. खाली 'तपासणी : वासुदेव मारबते' असं छापलं आणि त्याखाली प्रकल्पप्रमुख म्हणून मी माझी सही केली. पावसाळा सुरू व्हायच्या आत सुधारणा करून घेऊ, असं मी स्वतःला सांगितलं. उद्घाटन झालं, हार झाले, आणि सुधारणेसाठी पुण्याला पाठवायचं पत्र माझ्या टेबलावर पडून राहिलं.

पावसात रस्ता तुटल्यावर पलीकडच्या एका गावातून आमच्या सेविकेनं, रुपीबाईनं, फॉर्म पाठवला. सहा वर्षांची मुलगी, ताप डोक्यात गेलेला. होजीनं 'पाठवला' म्हटलं. रुपीबाई डोंग्याची वाट पाहत दोन दिवस काठावर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी गावकऱ्यांनी मुलीला खाटेवर घालून पुरातून आणलं. मुलगी वाचली. पण तिचा डावा पाय पुढेही ओढतच राहिला.

चौकशीला मुंबईहून तिघं आले. मी टाइप केलेला तक्ता पुढे ठेवला. तो त्यांनी वासुदेवसमोर सरकवला आणि विचारलं, "हा तक्ता तुमचाच?"

त्यानं कागद वाचला. होजीच्या रकान्यावर बोट ठेवलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहत होतो. हातानं भरलेला तक्ता माझ्या खणात होता, हाताच्या अंतरावर.

"नाव माहंच हाय जी," तो म्हणाला.

कंत्राट त्या महिन्यातच संपवलं. जाताना त्यानं फोन एकेक करून टेबलावर मांडले, पिशवी घडी घालून खिशात ठेवली आणि दुबेला म्हणाला, "खादाडाले रोज चार्ज करजो." माझ्या टेबलाकडे न पाहता बाहेर पडला. मीही उठलो नाही.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी आलापल्लीच्या एसटी स्टँडवर रुपीबाई भेटली. म्हातारी झाली होती, पण तिनंच मला ओळखलं. पहिला प्रश्न असा, "मारबतेभाऊ कसे हायेत?"

मी म्हणालो, "तुमची त्यांची ओळख कशी? ते तर बहुतेक ऑफिसातच असायचे."

ती माझ्याकडे नवलानं पाहू लागली. तिनं सांगितलेलं असं. नोकरी गेल्यावर, पावसाळा सरायच्या आत, वासुदेव होजीवाल्या नऊही सेविकांकडे गेला. जमेल तिथं सायकलनं, नाही तिथं सायकल खांद्यावर घेऊन. प्रत्येकीला त्यानं आपला नंबर दिला आणि एक रीत घालून दिली. फॉर्म भरला की आधी मले मिस कॉल द्या. माहा मिस कॉल परत आला म्हणजे रेंज हाय, मंगच बटण दाबा. नाई आला तं टेकडीवर चढा अन् पुन्हा द्या.

"ऑफिसनं पाठवलंय असंच वाटलं आमाले," रुपीबाई म्हणाली. "तीन साल, जी. होजी बंद पडेपर्यंत. आमी कव्हाबी मिस कॉल दिला तरी अर्ध्या मिनिटात त्याईचा परत येत जाय. मी एकदा इचारलं, भाऊ, तुमाले दुसरं काम नाई का? तं म्हणे, बाई, मले दुसऱ्या कोणाचा फोन येत नाई."

खरं होतं ते. लग्न नाही, आईबाप गेलेले, एका खोलीत एकटा. ऑफिसात सकाळी तो फोन एकमेकांना लावून वाजवत बसायचा, तेव्हा आम्ही सगळे हसायचो.

रुपीबाईकडून त्याचा नंबर घेतला; तो मूलला परत गेल्याचंही तिच्याकडूनच कळलं. घरी आल्यावर चार दिवस फोनकडे पाहत बसलो. पाचव्या दिवशी दुपारी लावला. दोन घंट्या झाल्या आणि माझा धीर सुटला. मी तोडला.

अर्ध्या मिनिटात माझा फोन एकदाच वाजला आणि थांबला. त्याला माझा नंबर माहीत नव्हता. तरी त्यानं उत्तर दिलं. रेंज हाय. आता पाठवा.

मी मेसेज लिहायला घेतला. 'वासुदेव, हातानं भरलेला तक्ता माझ्याजवळ आहे. होजी तू नापास केला होतास. खूण माझी होती. मला माफ कर.' चष्मा पुसून दोनदा वाचला. बटणावर अंगठाही ठेवला. मग वाटलं, असं फोनवर नको, मूलला जाऊन समोर सांगावं. पावसाळा झाला की जाऊ.

थंडीत त्याच्या गावचा एक माणूस चंद्रपूरच्या बाजारात भेटला. वासुदेव दिवाळीच्या आधीच गेला होता.

माझा फोन चांगल्या कंपनीचा आहे. न पाठवलेलं तो पुसत नाही. तो चार ओळींचा मेसेज अजून पेटीत आहे.